दोघंही एएस निघालात आणि बाळ हवंय? घरातली बैठक कशी घ्यायची

भाचीचा फोन आला तेव्हा मी गोकुळपेठच्या बाजारात सांबार (कोथिंबीर) निवडत होते. "मावशी, यांचाही एएस निघाला," एवढं बोलली अन् गप्प झाली. एएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक. एसएस म्हणजे तो आजारच झालेला, एए म्हणजे दोन्ही नाही. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सोयरीक ठरताना मी दोन्ही घरी सांगितलं होतं, आधी दोघांचं रक्त तपासा. पत्रिका जुळली, घर चांगलं, आता रक्त काय तपासायचं, म्हणून विषय तिथंच राहिला. अजून तिला दिवस गेलेले नव्हते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

मी नागपुरात सव्वीस वर्षं लॅब टेक्निशियन होते. मी स्वतः एएस, माझे यजमान एएस, थोरला लेक एसएस आणि त्याच्या पाठची पोरगी एए. म्हणजे रिपोर्ट देणारीही मीच अन् घेणारीही मीच. गेल्या महिन्याभरात भाचीच्या घरी आम्ही तीनदा बसलो. काय आधी बोलावं, काय नंतर, कोणाला बोलवावं, हे सगळं इथे लिहिते. विदर्भात अशी घरं पुष्कळ आहेत. रामदासपेठेत, धंतोलीत आयव्हीएफचे बोर्ड लागलेत, मोबाइलवर जीन एडिटिंगचे व्हिडिओ फिरतात, आणि घरातली माणसं एका दमात सगळं विचारतात: "मग आता बाळ निवडूनच घ्यायचं का?" तपासणी कशी होते ते डॉक्टर सांगतील. त्यातलं काय करावं आणि काय करू नये, ते मात्र घरातच ठरतं.

आधी रिपोर्ट नीट वाचा

निम्म्या घरांत बैठक चुकीच्या कागदावर होते. शिबिरात जी पहिली तपासणी होते ती सोल्युबिलिटी. काचेच्या बारीक नळीत रसायन असतं, त्यात थेंबभर रक्त टाकायचं, हलवायचं, काही मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. लाल पाण्यातून रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. हजारो नळ्या मी अशा खिडकीच्या उजेडात धरल्यात. ही नळी फक्त एवढंच सांगते की रक्तात एस आहे. माणूस एएस आहे की एसएस, ते ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, या तपासण्यांत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दिसतात. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर एएस माणसाचे दोन पट्टे उमटतात, एक ए चा, एक एस चा. एसएस माणसाला ए चा पट्टाच नसतो.

दोन चुका मी सारख्या पाहिल्यात. एक, रक्त चढवल्यावर लगेच केलेली तपासणी. अंगात दुसऱ्याचं रक्त असतं, रिपोर्ट भलताच येतो. तीन महिने तरी जाऊ द्यावे. दुसरी चूक जास्त महागात पडते: बायको एएस, नवऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, म्हणून घर निश्चिंत. नवऱ्याला थॅलेसेमियाचा वाहकपणा असेल तर या नळीत तो दिसत नाही, आणि एस व थॅलेसेमिया एकत्र आले की बाळाला सिकलसेलसारखाच आजार होतो. म्हणून एक जण एएस असेल तर दुसऱ्याची एचपीएलसीच करा.

मग हिशेब. दोघं एएस असतील तर दर खेपेला चारात एक एसएस, चारात दोन एएस, चारात एक एए. दर खेपेला, हे शब्द घरातल्या मोठ्यांना दोनदा सांगा. माझ्या लेकाचा रिपोर्ट आला तेव्हा एक नातेवाईक मला धीर द्यायला म्हणाले होते, "एक झाला ना, आता पुढचे तिन्ही चांगले." तसं होत नाही. प्रत्येक गर्भ नव्याने चिठ्ठी उचलतो.

आणि "आपल्यात हे कसं आलं?" हा प्रश्न निघेलच. भाचीच्या सासरी निघाला, आणि त्यात कुठे तरी "तुमच्याकडून आलं" असा सूर होता. मी तिथंच थांबवलं. एएस मूल झालं तर एस एका बाजूने येतो, एसएस झालं तर दोन्ही बाजूंनी. नागपुरात डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं, तेव्हापासून हा आजार अमक्या समाजाचा, तमक्या समाजाचा, असं बोट दाखवणं चालू आहे. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा एक जीन आहे, त्यातलं एक अक्षर बदललेलं आहे, बस. मलेरियाच्या मुलखात ज्यांच्याकडे या जीनची एकच प्रत होती ती लेकरं मलेरियातून वाचली, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या टिकला. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवून दिलं. माझी आजी मलेरियाच्या मुलखातली. तिच्या अंगातला हा एस तिला उपयोगी पडला असेल, असं मला वाटतं. म्हणून घरात कोणी "खराब रक्त" म्हटलं की मी उत्तर देते.

बैठकीला कोण बसेल

ठरवायचं त्या दोघांनी. दोघांतही शेवटचा शब्द जिच्या पोटात बाळ वाढणार तिचा. हे मी सासूबाईंसमोर बोलले, कारण मागून बोलून उपयोग नसतो.

पहिल्या बैठकीला आम्ही हॉलमध्ये बसलो होतो. भाचीचे सासरे, सासूबाई, माझी बहीण, जावई. माझा लेक मला सोडायला आला होता, आत भाचीबरोबर चहा ओतत होता. बोलणं चाललं होतं की असं मूल जन्माला आलं तर त्याचं किती हाल, आईबापाचं किती हाल. तेवढ्यात लेक ट्रे घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांचे आवाज एकदम खाली गेले. त्याने कप ठेवले, कोणाला साखर कमी ते विचारलं, आणि परत आत गेला. चोवीस वर्षांचा आहे तो. त्याला सगळं कळलं.

दुसऱ्या बैठकीला मी त्याला सोफ्यावर बसवलं. तुमच्याही घरी हे करा. घरात, शेजारात, ओळखीत कोणी मोठं झालेलं एसएस माणूस असेल, तर मान देऊन बोलवा, आणि त्यांना यायचं नसेल तर आग्रह करू नका. एसएस म्हणजे काय, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत नाही. जावयाने विचारलं, "दुखतं म्हणजे नेमकं कसं दुखतं?" लेक म्हणाला, "दारात बोट सापडतं ना, तसं. फक्त दार उघडत नाही. कधी चार तास, कधी चार दिवस." दहावीचा एक पेपर त्याने बुडवला होता, ते सांगितलं. डिसेंबरात पहाटे बाहेर पडत नाही, मे महिन्यात दोन लिटरची बाटली सोडत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू झाल्यापासून ॲडमिट व्हायची वेळ क्वचित येते. नोकरी करतो, हिशेब बघतो, शनिवारी मित्रांसोबत तर्री पोहे खातो. आणि मग म्हणाला, "वाईट दिवस खूप वाईट असतात. पण ते सगळे दिवस नसतात, जिजाजी."

दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आल्या म्हणून त्या घराने ऐकल्या. डॉक्टरांकडे आजाराची यादी असते, व्हिडिओत रडणारी आई असते. मधलं आयुष्य कोणी दाखवत नाही. सिकलसेल सगळ्यांना सारखा होत नाही. काहींना दर दोन महिन्यांनी रक्त लागतं, कोणी पन्नाशी पाहतं. गर्भाच्या तपासणीत एसएस आहे की नाही ते कळतं. त्या बाळाचा एसएस किती त्रासाचा असेल, ते कळत नाही. हे वाक्य बैठकीत मोठ्याने बोललं गेलं पाहिजे.

तपासण्याआधी ठरवा

इथे माझी चूक सांगते. दुसऱ्या खेपेला अकराव्या आठवड्यात मी गर्भजल नव्हे, वारेची तपासणी केली. त्यात सुईने वारेचा बारीकसा तुकडा काढतात. नमुना बाहेरगावी गेला. रिपोर्टला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला कळलं की उत्तर एसएस आलं तर काय करणार, हे आम्ही दोघं एकदाही बोललो नव्हतो. यजमान गृहीत धरून होते की मी पाडेन. मी गृहीत धरून होते की ते तसं म्हणणार नाहीत. रात्री लेकाच्या पायाला तेल लावताना मला वाटायचं की मी त्याच्याबद्दलच निकाल देते आहे. रिपोर्ट एए आला, आणि ते बोलणं आमच्यात आजपर्यंत पूर्ण झालेलं नाही.

म्हणून भाचीला मी वही दिली. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून लिहायचं: एसएस आलं तर मी काय करीन, का, आणि समोरच्याचं उत्तर वेगळं असेल तर काय. मग वह्या बदलायच्या. उत्तर बदलू शकतं, पण कोऱ्या मनाने सुईसमोर जाऊ नका. दोघांचं उत्तर "काहीही आलं तरी ठेवू" असेल तर तपासणी करावीच असं नाही. काही जण तयारीसाठी करतात, काही बाळ झाल्यावर तपासतात. दोन्हीत गैर काही नाही, आणि कोणी त्यांना अडाणी म्हणू नये. ज्यांना पुढचं मूल एसएस नको आहे त्यांनाही कोणी निष्ठुर म्हणू नये. माझ्यासारखी रात्र ज्यांनी काढली आहे त्या बाया हलक्या मनाने काही ठरवत नाहीत.

कायद्याचं एवढं माहीत असू द्या. वारेची तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होते, गर्भजलाची पंधरानंतर. अनुभवी हातात गर्भपाताचा धोका शेकडा एकाहून कमी असतो, पण असतो. १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंग तपासणीला बंदी घालणाऱ्या) कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला मुभा आहे. त्याच कायद्याने तुम्हाला आणखी एक हक्क दिला आहे: तपासणीचे धोके समजावून सांगून, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यायची, आणि त्या कागदाची प्रत तुम्हाला द्यायची. मराठीतला कागद मागा. प्रत मागायला लाजू नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतो, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक बायांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने. सही लागते ती त्या बाईची. ती अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, सासऱ्यांची तर नाहीच.

गर्भ निवडून घेण्याचा मार्ग, आणि तिथे कुठे थांबायचं

भाची आणि जावई दोघांच्याही वहीत एकच वाक्य होतं: पाडायची वेळ येऊ नये. म्हणून ते आयव्हीएफकडे वळले. यात बाहेर गर्भ तयार करतात, पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढतात, गर्भ गोठवून ठेवतात आणि त्या पेशींत सिकलसेलचा जीन तपासतात. मग एसएस नसलेला गर्भ गर्भाशयात सोडतात. खर्च लाखांत जातो, इंजेक्शनं रोजची, आणि इतकं करून दिवस राहतीलच असं नाही. राहिले तरी डॉक्टर पुन्हा एकदा वारेची किंवा गर्भजलाची तपासणी सुचवतात, कारण मोजक्या पेशींवरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. म्हणजे "पाडायची वेळ येणार नाही" याची शंभर टक्के हमी यातही नाही. भाचीला हे तिसऱ्या बैठकीत कळलं. आधी कळायला हवं होतं.

शहरातल्या एका क्लिनिकात मी त्यांच्यासोबत गेले. नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी पॅकेजचा कागद पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "आजार तर जाईलच, बाकीही बघून घेऊ." भाचीच्या सासूबाईंना त्या "बाकी"चा अर्थ माझ्याआधी कळला. त्या उठल्या, पर्स घेतली आणि म्हणाल्या, "चाल, बाई. इथं नाही करायचं." त्या दिवसापासून माझ्या मनातली त्यांची जागा बदलली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, तरी तो "बाकी" शब्द अजून खुर्चीवर बसलेला आहे. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांवरच्या) कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की गर्भाची अशी तपासणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठीच करता येते, आणि ठरवून मुलगा किंवा मुलगी देऊ करणं गुन्हा आहे. असा इशारा मिळाला तर उठा, आणि महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे तक्रार द्या. आम्ही दिली आहे.

त्याहून अवघड गोष्ट घरातच घडली. जावयाचे काका शेतकरी, हिंगणघाटकडचे. शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "इतका पैसा लावूनच राहिले तर एए वालाच घ्या ना. एएस कशाला ठेवता? बियाणं घेताना आपण शुद्धच वाण घेतो." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण खोलीत मी एएस होते, भाची एएस होती, त्यांचा पुतण्या एएस होता. आम्ही कोणी आजारी नाही. एएस माणूस रोजचं आयुष्य चारचौघांसारखंच जगतो. त्याला फक्त लग्नाआधी जोडीदाराचं रक्त बघावं लागतं.

मी काकांना म्हटलं, "भाऊजी, एसएस गर्भ बाजूला ठेवतो तेव्हा आपण दुखणं टाळतो. एएस गर्भ बाजूला ठेवू तेव्हा कोणाचं दुखणं टाळू? कोणाचंच नाही. तिथे आपण फक्त वाण निवडतो." या सगळ्या प्रकरणात मला एकच गोष्ट पक्की माहीत आहे, ती हीच. गर्भाची निवड करताना दर वेळी विचारा: या निवडीने कोणाचं दुखणं कमी होणार? उत्तरात त्या बाळाचं दुखणं असेल तर विचार करायला जागा आहे. उत्तरात आपली हौस, आपली भीती, चार लोकांत सांगायची सोय असेल, तर थांबा. आज एएस नको, उद्या सावळा नको, परवा अमुक उंची हवी. कपाशीचं वाण बदललं तर पुढच्या हंगामात परत बदलता येतं.

क्लिनिकशी आधीच बोलून लिहून घ्या: एएस गर्भ चालेल, आणि एए-एएस दोन्ही असतील तर ज्याची वाढ चांगली तो सोडावा. भाचीच्या फाइलमध्ये हे लिहून घेतलं आहे. उरलेल्या गर्भांचंही आधीच बोला. कायद्याने ते जास्तीत जास्त दहा वर्षं गोठवून ठेवता येतात, नंतर नष्ट करायचे किंवा संमतीने संशोधनाला द्यायचे. फॉर्ममध्ये तो रकाना शेवटी असतो, घाईत टिक मारली जाते. घरी आणून वाचा.

दात्याचं बीज किंवा दत्तक, हेही मार्ग आहेत. बीजदात्री २३ ते ३५ वयाची असावी लागते आणि आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते. दात्याचीही एचपीएलसी पाहून घ्या.

भाचीला कोणी तरी सांगितलं होतं की पहिलं मूल आजारी असलं तर दुसरं असं निवडता येतं की त्याचा अस्थिमज्जा पहिल्याला जुळेल. खरं आहे. अमेरिकेत २००० मध्ये असं बाळ झालं, आपल्याकडे अहमदाबादेत २०१८ मध्ये. त्या बाळाच्या अस्थिमज्जेने तिच्या भावाचा थॅलेसेमिया बरा झाला. माझ्या लेकासाठी कोणी मला हे २००६ मध्ये देऊ केलं असतं तर मी पळत गेले असते. तरी माझं मत विचाराल तर, त्या घरात अस्थिमज्जा नसती तरी ते दुसरं मूल हवं होतं का, हा प्रश्न आईबापाने स्वतःला विचारावा. हो असेल तर पुढे जावं.

जीन बदलण्याचं काय

हा प्रश्न जावयाने विचारला आणि लेकाने कान टवकारले. दोघांना दोन वेगळी उत्तरं होती, आणि बैठकीत हा फरक समजला नाही तर सगळा गोंधळ होतो. आजारी माणसाच्या स्वतःच्या रक्तातला जीन बदलणं एक. गर्भातला जीन बदलणं दुसरं, कारण तो बदल त्याच्या पुढच्या पिढ्यांतही जातो.

पहिलं सुरू झालं आहे. क्रिस्पर नावाची जीन कापायची पद्धत २०१२ मध्ये आली, त्यासाठी एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं. सिकलसेलवरचा कॅसजेवी हा उपचार ब्रिटनने २०२३ च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेने डिसेंबरात बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी मंजूर केला. रुग्णाच्या मूळपेशी काढतात, त्यांत बदल करतात, केमोने जुना अस्थिमज्जा रिकामा करतात आणि बदललेल्या पेशी परत देतात. मग शरीर पोटातल्या बाळासारखं हिमोग्लोबिन बनवायला लागतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने स्वस्त उपचार तयार करायला घेतला, २०२५ मध्ये बिरसा १०१ नावाने तो पुढे आला, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला तंत्रज्ञान दिलं. त्याला बिरसा मुंडांचं नाव दिलं आहे. म्हणून तो गडचिरोलीच्या लेकरापर्यंत मोफत पोचलाच पाहिजे, असं मी आताच बोलून ठेवते, कारण या आजाराबद्दल जगाला जे कळलं ते अशाच लेकरांच्या रक्ताच्या नळ्यांतून कळलं.

तुमच्या घरी कोणाला अशा उपचाराची किंवा चाचणीची ऑफर आली तर हे विचारा. क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद आहे का, नंबर काय. एथिक्स कमिटी कोणती. ट्रायलमध्ये इजा झाली तर भरपाई कोण देणार. २०१९ च्या नियमांनी ती द्यावी लागते. पैसे मागत असतील तर उठून या. केमोने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून आधी शुक्राणू किंवा बीज गोठवायचं का, हे अठरा-वीस वर्षांच्या पोराशीही स्पष्ट बोला. लेकाला हे मी सांगितलं तेव्हा तो ओशाळला, पण त्याने ऐकलं. आणि एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात: या उपचाराने रक्त बदलतं, बीज बदलत नाही. बरा झालेला माणूसही आपल्या मुलाला एस देणारच. लग्नाआधीची तपासणी त्यालाही चुकत नाही.

गर्भातल्या बदलाला भारतात बंदी आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रयोगशाळेतही असा गर्भ चौदा दिवसांपुढे वाढवता येत नाही, गर्भाशयात सोडणं तर दूरच. चीनमध्ये 'हे च्यानख्वे' नावाच्या शास्त्रज्ञांनी ते केलं. २०१८ च्या नोव्हेंबरात जगाला सांगितलं की जुळ्या मुली जन्मल्या आहेत, एचआयव्ही होऊ नये म्हणून त्यांचा सीसीआर५ जीन बदलला आहे. वडील एचआयव्हीबाधित होते, पण शुक्राणू धुऊन निरोगी मूल होण्याची साधी पद्धत आधीपासून होती. गरज नसताना लेकरांवर प्रयोग झाला. २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. भाची-जावयासारख्या जोडप्याला गर्भ बदलायची गरजच नाही, चारातले तीन गर्भ एसएस नसतात.

पण गरज खरोखर असलेलं एक जोडपं मला माहीत आहे. दोघांची ओळख सिकलसेलच्या ओपीडीत, रांगेत झाली. दोघंही एसएस. त्यांचं प्रत्येक मूल एसएसच असणार, निवडायला दुसरा गर्भच नाही. ती मुलगी मला म्हणाली, "काकू, आमच्यासाठी बंदी काहून?" मी तिला काय सांगितलं तेच लिहिते. गर्भ बदलताना काही पेशी बदलतात, काही तशाच राहतात, आणि मोजक्या पेशी तपासून बाकीच्यांचं सांगता येत नाही. भलत्याच जागी काप बसला तर तो तुझ्या नातवंडांपर्यंत जाईल, आणि त्यांना आज विचारता येत नाही. म्हणून आज मी नाही म्हणते. उद्या हे सुरक्षित झालं तर सगळ्यांत आधी तुझ्यासारखीचा हक्क, श्रीमंताच्या हौसेचा नाही. तिचं समाधान झालं नाही. एसएस बाईला बाळंतपणही जड जातं, हे ती जाणते. त्या दोघांनी कारा या सरकारी दत्तक संस्थेमार्फत दत्तकासाठी नाव नोंदवलं आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घ्यायला येते तेव्हा मला यादीत नंबर कुठे आला ते सांगते.

डॉक्टरकडे जाताना

वही न्या. प्रश्न आधी लिहा, उत्तर डॉक्टरसमोरच लिहा, आणि न समजलेला शब्द परत विचारा. भाचीच्या वहीत तेरा प्रश्न होते. कोणत्या लॅबमध्ये पेशी तपासणार, क्लिनिकची आणि लॅबची नोंदणी आहे का, चुकीचा रिपोर्ट यायची शक्यता किती, तिच्या वयाला दिवस राहायची शक्यता किती, एएस गर्भाबद्दल डॉक्टरांचं काय म्हणणं, उरलेल्या गर्भांचं काय, एसएस बाळ झालं तर इथे उपचार कुठे. शेवटचा प्रश्न लेकाने घातला होता. डॉक्टरांनी तो वाचून मान वर केली आणि मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीचे वार, लसी, रोजची औषधं सगळं नीट समजावून सांगितलं.

अकरा प्रश्नांची उत्तरं मिळाली. दोन राहिले, संमतीपत्र मराठीत कधी मिळणार आणि अर्ध्यावर थांबायचं ठरवलं तर पैशांचं काय. मंगळवारी परत जायचं आहे. मी सीताबर्डी मेट्रोच्या जिन्यापाशी त्यांना भेटते म्हणाले, सासूबाईही येणार आहेत.